सोन्याच्या नॅनोकणांनी पाण्यातलं शिसं ओळखताना: नवशिक्यांसाठी पायरी-पायरीने

लाल द्रावणात नमुन्याचे थेंब पडतात, द्रावण निळं होतं आणि बघणाऱ्याला वाटतं, धातू सापडला. खरं तर त्या क्षणी एवढंच कळलेलं असतं की सोन्याचे कण एकमेकांना चिकटले. ते शिशामुळे चिकटले, मिठामुळे, आम्लामुळे की नळी नीट धुतली नव्हती म्हणून, हे रंग सांगत नाही. हा उलगडा करण्यातच या कामाचा बराचसा वेळ जातो, आणि नवीन माणूस नेमका तोच भाग उरकून टाकतो. त्यामुळे पुढे कण बनवायची कृती थोडक्यात येईल आणि त्यांच्यावर विश्वास कधी ठेवायचा याबद्दल जास्त लिहिलेलं सापडेल.

हे काम प्रयोगशाळेतलं आहे. धुराडं असलेलं कपाट, हातमोजे, चष्मा आणि शिशाचा कचरा वेगळा ठेवायची सोय नसेल तर लेख वाचा, प्रयोग मात्र करू नका.

रंग कुठून येतो

सोन्याच्या साधारण १३ नॅनोमीटर व्यासाच्या कणावर ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा प्रकाश पडला की कणातले मुक्त इलेक्ट्रॉन एका लयीत हेलकावे खातात आणि तो प्रकाश शोषला जातो. हिरवा वजा झाला की उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो. दोन कणांमधलं अंतर त्यांच्या व्यासापेक्षा कमी झालं की एकाचे हेलकावे दुसऱ्याला जाणवायला लागतात, शोषण ६०० ते ७०० नॅनोमीटरकडे सरकतं आणि द्रावण आधी जांभळं, मग निळं दिसतं.

यात नवं काही नाही. मायकेल फॅरडेने १८५७ मध्येच सोन्याच्या लाल द्रावणात मीठ घातलं की ते निळं पडतं, हे नोंदवून ठेवलं होतं. त्याची काही द्रावणं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेली आहेत. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) याने १९०८ मध्ये या रंगांचं गणित मांडलं. आपण भर घातली ती इतकीच, की मिठाच्या जागी आपल्याला हवा तो धातू हे काम करेल अशी कणांच्या पृष्ठभागाची तयारी करायची.

साधे रंग सोडून सोनं वापरायचं कारण आकड्यात आहे. १३ नॅनोमीटरच्या कणांचा मोलर शोषणांक (ठरावीक संहतीला किती प्रकाश शोषला जातो याचं माप) सुमारे २७ कोटी असतो. चांगल्या सेंद्रिय रंगाचा लाखभर. त्यामुळे काही नॅनोमोलार (मोलार म्हणजे लिटरमागे एक मोल, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग) कण असले तरी नुसत्या डोळ्यांना रंग दिसतो.

आधी ठरवा: कोणता धातू आणि किती

पिपेट हातात घ्यायच्या आधी कागदावर एक हिशेब करा. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेल्या मर्यादा अशा: शिसं १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर, असेंद्रिय पारा ६ मायक्रोग्रॅम, कॅडमिअम ३ मायक्रोग्रॅम, तांबं २ मिलिग्रॅम. हे मोलमध्ये बदला. शिशाचा अणुभार २०७, म्हणजे १० मायक्रोग्रॅम झाले सुमारे ४८ नॅनोमोलार. पारा ३० नॅनोमोलार. तांब्याचा अणुभार ६३.५, म्हणजे २ मिलिग्रॅम झाले सुमारे ३१ मायक्रोमोलार. तांब्याची मर्यादा शिशाच्या साडेसहाशे पट वर आहे.

साध्या, हाताने बनवलेल्या, डोळ्यांनी वाचायच्या संवेदकांची खरी ताकद मायक्रोमोलारच्या घरात असते. तांब्याला ती पुरते. शिशाला पुरत नाही, म्हणजे तुमचं द्रावण लाल राहिलं याचा अर्थ पाणी पिण्याजोगं आहे असा मुळीच होत नाही. नॅनोमोलारपर्यंत उतरायचं तर डीएनए-एन्झाइम (ठरावीक धातू आला की काम करणारे डीएनएचे तुकडे) किंवा थायमिनच्या जोड्या (डीएनएमधला पारा पकडणारा घटक) लावलेले कण लागतात, आणि ती पहिल्या प्रयोगाची गोष्ट नाही. तरीही शिकण्यासाठी मी शिसंच सुचवेन. ग्लुटाथायॉन (गंधक असलेला एक छोटा पेप्टाइड रेणू) लावलेल्या सोन्यावर ते स्पष्ट रंगबदल देतं, आणि वाटेत ज्या अडचणी येतात त्या इतर धातूंनाही जशाच्या तशा लागू पडतात.

चांदीचे कण वापरून पारा ओळखायची पद्धत दिसायला फार सोपी आहे: पिवळं द्रावण फिकं पडत जातं. चांदीचा प्रमाण विभव (आयनाची इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची ताकद) ०.८० व्होल्ट आणि पाऱ्याचा ०.८५, त्यामुळे पाऱ्याचे आयन चांदीचं ऑक्सिडीकरण करतात आणि स्वतः तिच्यावर जाऊन बसतात. पण पाऱ्याच्या क्षारांनी सुरुवात करणं मला शहाणपणाचं वाटत नाही. ते पुढे कधीतरी.

सामान

क्लोरोऑरिक आम्ल, ट्रायसोडिअम सायट्रेट, ग्लुटाथायॉन (क्षपित रूपातलं), लेड नायट्रेट, मीठ, हेपीस बफर (सामू, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणारं), ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन), सौम्य सोडिअम हायड्रॉक्साइड आणि नायट्रिक आम्ल. पाणी १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोधकतेचं. एकदा उर्ध्वपातित केलेल्या पाण्यावर भागवू नका. दृश्य प्रकाशाचा स्पेक्ट्रोफोटोमीटर असला तर उत्तम.

सोन्याचा क्षार हवेतला ओलावा इतक्या वेगाने ओढतो की तराजूवर ठेवल्या ठेवल्या आकडा वाढताना दिसतो. त्याला स्टीलचा चमचा लावू नका: स्टीलवर सोनं तिथल्या तिथे क्षपित होतं, चमच्यावर काळपट डाग धरतो आणि द्रावणात लोह उतरतं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे १ ग्रॅमची बाटली घ्यायची आणि ती सगळीच्या सगळी २५ मिलिलिटर पाण्यात विरघळवायची. वजनाची भानगडच राहत नाही. साधारण १०० मिलिमोलारचं हे पिवळंधमक द्रावण गडद बाटलीत, थंड जागी महिनोन्महिने टिकतं.

काचेची भांडी आम्लराजाने धुवायची असतात, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल. ते ताजं बनवायचं, कपाटातच वापरायचं, झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही आणि ॲसिटोन किंवा अल्कोहोलच्या आसपासही न्यायचं नाही. अनुभवी माणूस शेजारी नसेल तर आम्लराजाच्या वाटेला जाऊ नका. कोरी काच आणून सौम्य नायट्रिकने खळबळून घ्या, नाहीतर तयार १३ किंवा १५ नॅनोमीटरचं सायट्रेट-सोनं विकत घ्या आणि पुढची पायरी सोडून द्या. त्यात काही कमीपणा नाही.

कण बनवणं

ही कृती १९५१ मध्ये टर्केविच आणि सहकाऱ्यांनी दिली. सायट्रेटचं प्रमाण बदलून कणांचा आकार कसा ठरवता येतो, हे फ्रेन्सने १९७३ मध्ये दाखवलं. आज बहुतेक ठिकाणी पुढचं प्रमाण चालतं.

शंकूपात्रात १ मिलिमोलारचं ५० मिलिलिटर सोन्याचं द्रावण घ्या (साठ्यातलं अर्धा मिलिलिटर, बाकी पाणी) आणि जोरात ढवळत उकळी आणा. वाफ उडून जाऊ नये म्हणून वर संघनक किंवा निदान काच ठेवा. दुसरीकडे ११४ मिलिग्रॅम सायट्रेट १० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, ते ३८.८ मिलिमोलार होतं. सोनं खळखळून उकळत असताना त्यातलं ५ मिलिलिटर एका झटक्यात ओता. थेंबथेंब सोडलंत तर कण लहानमोठे होतात.

आता नजर हलवू नका. पिवळा रंग जातो आणि क्षणभर द्रावण पाण्यासारखं दिसतं. मग राखाडी-काळपट झाक येते, ती जांभळी होते आणि काही मिनिटांत माणकासारखा लाल रंग खुलतो. काळपट टप्प्यावर घाबरून उष्णता बंद करू नका. लाल झाल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटं उकळा, ढवळतच थंड होऊ द्या आणि ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळा.

वर्णपट घेताना द्रावण पाचपट विरल करा. मूळ द्रावणाचं शोषण ३ च्या वर जातं आणि तिथे बहुतेक यंत्रांचा आकडा भरवशाचा नसतो. शिखर ५१८ ते ५२२ नॅनोमीटरच्या दरम्यान, अरुंद, आणि ६५० च्या पुढे रेषा जवळजवळ जमिनीला टेकलेली असली पाहिजे. तिथे शेपूट उचललेली दिसली तर कण आधीच चिकटलेले आहेत. ते द्रावण सरळ बाजूला ठेवा. ग्लुटाथायॉन लावून ते सुधारत नाही.

पृष्ठभागाची तयारी

ग्लुटाथायॉनमध्ये एक थायॉल (गंधक-हायड्रोजनचा) गट असतो, तो सोन्याला घट्ट धरतो. बाहेरच्या बाजूला राहिलेले कार्बोक्झिल गट शिशाच्या आयनांना पकडतात. एका शिशाच्या आयनाने दोन वेगळ्या कणांवरचे गट धरले की पूल तयार होतो. असे पूल वाढत गेले की निळा रंग येतो.

किती घालायचं, हा प्रश्न हमखास येतो. १३ नॅनोमीटरच्या गोळ्याचा पृष्ठभाग सुमारे ५३० चौरस नॅनोमीटर. एका लहान थायॉल रेणूला ०.२ ते ०.५ चौरस नॅनोमीटर जागा लागते असं धरलं, तर एका कणावर हजार ते अडीच हजार रेणू बसतात. वरच्या कृतीत कणांची संहती साधारण १३ नॅनोमोलार येते. गुणाकार केला की उत्तर १५ ते ३५ मायक्रोमोलार. म्हणून १०, २०, ३० आणि ५० मायक्रोमोलार अशा चार नळ्या लावा आणि आपल्या कणांना काय मानवतं ते बघा. दुसऱ्याच्या कृतीतला आकडा उचलू नका, कारण त्याच्या कणांची संहती वेगळी असते.

इथे एक सापळा आहे. ग्लुटाथायॉनचं द्रावण आम्लधर्मी असतं. ते तसंच ओतलं तर कार्बोक्झिल गटांचा ऋण भार उतरतो, अमिनो गट धन राहतो, आणि शिशाचा पत्ता नसताना सगळं निळं होऊन बसतं. त्यामुळे कणांच्या द्रावणाचा सामू सौम्य सोडिअम हायड्रॉक्साइडने ८ च्या आसपास आणा, ग्लुटाथायॉनचंही उदासिनीकरण करून घ्या आणि मगच दोन्ही एकत्र करा. ग्लुटाथायॉन त्याच दिवशी बनवलेलं हवं. पाण्यात राहिलं की त्याचं हवेने ऑक्सिडीकरण होतं आणि थायॉल उरत नाही. दोन तास ढवळा, रात्रभर ठेवलं तरी चालतं.

नंतर सेंट्रिफ्यूज करायचं: १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट), वीस ते तीस मिनिटं. वरचं पाणी काढून टाका आणि तळाचे कण सामू ८ च्या अगदी सौम्य बफरमध्ये पुन्हा मिसळा. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक ती गाळतात आणि मग शिशाला प्रतिसाद येत नाही म्हणून डोकं धरतात. द्रावणात सुटं राहिलेलं ग्लुटाथायॉन शिशाला आधीच पकडून बसतं आणि कणांच्या वाट्याला काही येत नाही. तळाचा थर हलवल्यावर पुन्हा स्वच्छ लाल झाला तर आवरण नीट बसलंय. काळी पूड तशीच राहिली तर आवरण अपुरं होतं.

कड शोधणं

मला विचाराल तर सगळ्या कृतीत सर्वात महत्त्वाची पायरी ही. नुसत्या सायट्रेटचे कण काही दशक मिलिमोलार मिठातच निळे पडतात. ग्लुटाथायॉन लावलेले त्याहून कितीतरी जास्त मीठ पचवतात. पण अगदी मीठविरहित पाण्यात ते एकमेकांना इतक्या जोराने दूर लोटतात की थोड्याशा शिशाला पूल बांधताच येत नाही. मीठ घातलं की कणांभोवतीच्या भाराचा प्रभाव कमी होतो आणि ते एकमेकांच्या जवळ येऊ शकतात. तर मीठ इतकं हवं की कण लाल राहतील, पण जेमतेम. हीच ती कड.

दहा नळ्या घ्या. प्रत्येकीत सारखे कण, १० मिलिमोलार हेपीस (सामू ७.५ ते ८) आणि चढत्या प्रमाणात मीठ घाला. अर्धा तास थांबा. कोणत्या नळीपासून जांभळट छटा सुरू होते ते टिपा आणि तिच्या एक-दोन पायऱ्या खालचं प्रमाण निवडा. बफर म्हणून फॉस्फेट नको, शिसं त्यात साका होऊन बसतं, कार्बोनेटचंही तेच. पुढे कधी चांदीचे कण वापरलेत तर साध्या मिठाऐवजी सोडिअम नायट्रेट घ्या, कारण क्लोराइड चांदीच्या मागे लागतं.

नवी तुकडी बनवली की कड पुन्हा शोधायची. मागच्या महिन्याचं प्रमाण या महिन्याच्या कणांना चालेलच असं नाही.

शिशाची मापं आणि प्रत्यक्ष चाचणी

३३ मिलिग्रॅम लेड नायट्रेट १० मिलिलिटर पाण्यात विरघळवलं की १० मिलिमोलारचं मूळ द्रावण मिळतं. त्यातून टप्प्याटप्प्याने विरल करत १००, ५०, २०, १०, ५, २ आणि १ मायक्रोमोलारची मापं तयार करा. प्लास्टिकच्या नळ्या वापरा आणि त्या आधी १० टक्के नायट्रिकमध्ये भिजवून धुवा. फार विरल शिसं काचेच्या भिंतीला चिकटून नाहीसं होतं, त्यामुळे सर्वांत विरल मापं त्याच दिवशी वापरून संपवायची.

बाजारात १,००० मिलिग्रॅम प्रति लिटरचं प्रमाणित द्रावण मिळतं आणि ते वापरायचा मोह होतो. त्यात साधारण २ टक्के नायट्रिक आम्ल असतं, हे लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तुम्ही ते १० मायक्रोमोलारपर्यंत विरल केलंत, म्हणजे जवळपास पाचशे पट, तरी ०.६ मिलिमोलारच्या वर आम्ल उरतंच. बफर नसेल तर सामू ३ च्या जवळ जातो. कण निळे होतात, आलेखही सुरेख येतो, कारण जास्त शिसं म्हणजे जास्त आम्ल. मोजलं जातं ते आम्ल! यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक मापासोबत एक नळी अशी लावा जिच्यात तेवढंच आम्ल आहे, पण शिसं नाही.

चाचणी अशी करायची. नळीत ८०० मायक्रोलिटर कण, त्यावर मीठ मिसळलेलं बफर १०० मायक्रोलिटर, मग नमुना १०० मायक्रोलिटर. मिठाचा हिशेब शेवटच्या १ मिलिलिटरवर करा. नळी दोनदा उलटी-सुलटी करा, जोरात हलवू नका आणि घड्याळ लावा. प्रत्येक नळी ठरलेल्या वेळेलाच वाचायची, उदाहरणार्थ दहाव्या मिनिटाला. कण चिकटायचे थांबत नाहीत. निळं द्रावण तासाभराने फिकं पडतं आणि तळाशी काळा गाळ बसतो. उशिरा बघणाऱ्याला वाटतं रंग आलाच नव्हता.

एकाच तरंगलांबीवर विसंबू नका. ६२० नॅनोमीटरवरच्या शोषणाला ५२० वरच्या शोषणाने भागा. चांगल्या लाल द्रावणात हे गुणोत्तर ०.१ ते ०.२ असतं, पूर्ण निळ्यात १ च्या आसपास जातं. भागाकारामुळे पिपेटचा थोडाफार फरक आपोआप पुसला जातो.

यंत्र नसेल तर मोबाइलचा कॅमेरा चालतो, पण सहज काढलेला फोटो नाही. चारी बाजूंनी पांढऱ्या कागदाची पेटी करा, दिवा एकच, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक, आणि प्रत्येक फोटोत एक कोरी (शिसं न घातलेली) नळी शेजारी ठेवायचीच. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नळीच्या मधल्या भागाचे लाल आणि निळ्या रंगाचे आकडे काढून त्यांचं गुणोत्तर घ्या आणि कोऱ्या नळीच्या गुणोत्तराने भागा.

खरंच शिसं आहे का, याची उलटतपासणी

आता मूळ प्रश्न. निळं झालं, पण कशाने?

आधी बाकीचे धातू एकेक करून घालून बघा: जस्त, कॅडमिअम, तांबं, निकेल, लोह, ॲल्युमिनिअम. यांना शिशाइतकीच संहती द्या. कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमला मात्र ती सवलत नाही. २०० मिलिग्रॅम कठीणता असलेल्या पाण्यात कॅल्शिअम २ मिलिमोलारपर्यंत असू शकतं, म्हणजे शिशाच्या मर्यादेच्या चाळीस हजार पटीहून अधिक. निवडकतेचा स्तंभालेख काढताना सगळ्यांची संहती सारखी ठेवून कॅल्शिअमचा खांब बुटका दाखवणं दिसायला छान असतं, पण खऱ्या पाण्याबद्दल तो आलेख काही सांगत नाही. कॅल्शिअम २ मिलिमोलार घालूनच बघा. संवेदक तिथेच निळा झाला तर मीठ कमी करा किंवा नमुना विरल करा, आणि त्यामुळे संवेदनशीलता किती घटली ते लिहून ठेवा.

मग ईडीटीए. नमुन्यात आधी ईडीटीए घालून ठेवलं तर ते धातू पकडून ठेवतं आणि कण लालच राहायला हवेत. तरीही निळे झाले तर कारण धातू नाही; आम्ल, मीठ किंवा आणखी काही शोधा. दुसरी चाचणी उलट्या क्रमाने: निळं झाल्यावर लगेच ईडीटीए घालायचं. धातूचे पूल असतील तर ते सुटतात आणि लाल रंग काही अंशी परत येतो. मिठाने निळे पडलेले, एकमेकांना थेट भिडलेले कण सहसा परतत नाहीत. निळ्यातून लाल उगवताना बघणं हा या सगळ्या खटाटोपातला सर्वात समाधान देणारा क्षण आहे, असं माझं मत. पण ईडीटीए कॅल्शिअमलाही पकडतं, तेव्हा या चाचणीने धातू आहे एवढंच कळतं, कोणता ते नाही.

तिसरी नळी ग्लुटाथायॉन न लावलेल्या सायट्रेट-कणांची, मीठ न घालता. नुसता नमुना टाकून ती निळी झाली तर त्या पाण्यात इतकं मीठ आहे की पुढचा प्रयोग आहे तसा चालणार नाही.

याच्या उलटही घडतं. तळ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यातले ह्युमिक पदार्थ (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेले) कणांवर आवरण धरतात आणि शिसं असूनही रंग लालच राहतो. ही चूक जास्त घातक, कारण लाल दिसलं की कोणी पुढे तपासत नाही. त्यासाठी त्याच नमुन्यात ठरावीक शिसं वरून घाला, उदाहरणार्थ १० मायक्रोमोलार, आणि किती परत मिळतं ते मोजा. ८० ते १२० टक्क्यांच्या आत आलं तर ठीक. ३० टक्के आलं तर त्या पाण्याबद्दल तुमच्या संवेदकाने काहीही सांगितलेलं नाही असं धरा.

आलेख आणि शोधमर्यादा

शिशाच्या संहतीसमोर गुणोत्तर मांडलं की सरळ रेषा क्वचितच मिळते. सुरुवातीला सपाट, मधे चढ, वर पुन्हा सपाट असा वाकडा आलेख येतो. सरळ भाग फक्त मधला. रेषा तिथेच बसवा. शोधमर्यादा काढायचं नेहमीचं सूत्र म्हणजे कोऱ्या नळ्यांच्या आकड्यांचं प्रमाण विचलन गुणिले तीन, भागिले रेषेचा उतार. त्यासाठी दहा तरी कोऱ्या नळ्या हव्यात, आणि त्या स्वतंत्रपणे बनवलेल्या. एकच नळी दहा वेळा वाचून येतो तो यंत्राचा गोंगाट.

हे सूत्र सपाट सुरुवातीला फसवतं. चढ १ मायक्रोमोलारला सुरू होत असेल आणि सूत्र ०.०५ म्हणत असेल, तर सूत्रावर विश्वास ठेवू नका. ०.०५ मायक्रोमोलारची नळी प्रत्यक्ष बनवा आणि कोऱ्यापासून वेगळी ओळखता येते का बघा. डोळ्यांची मर्यादा तर वेगळीच काढावी लागते: नळ्यांना फक्त सांकेतिक अक्षरं लावा, प्रयोगात नसलेल्या चार-पाच जणांना वेगवेगळी बोलवा आणि कोणती लाल नाही ते विचारा. प्रयोग करणाऱ्याला स्वतःच्या नळीत जांभळा रंग फार लवकर दिसतो.

खऱ्या पाण्याचा नमुना गाळून घ्या, म्हणजे विरघळलेलंच शिसं मोजलं जाईल. गाळात अडकलेलं मोजायचं असेल तर आम्लात पचन करावं लागतं आणि मग सामू पुन्हा ८ वर आणावा लागतो. सुरुवातीचे काही नमुने दोन भाग करून एक भाग अणुशोषण किंवा आयसीपी-एमएस (धातूंचं अचूक मोजमाप करणारं) यंत्र असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवा. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाही निकाल सांगू नका.

आवराआवर

शिसं असलेली प्रत्येक नळी, पहिलं धुतलेलं पाणीसुद्धा, वेगळ्या डब्यात. डब्यावर धातूचं नाव आणि तारीख लिहा. बेसिनमध्ये काही जाता कामा नये. शिसं न मिसळलेल्या सोन्याचा उरलासुरला वेगळा साठवा, तो परत मिळवता येतो.

तयार संवेदक ४ अंश सेल्सिअसला, अंधारात ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको: बर्फ होताना कण एकमेकांवर दाबले जातात आणि वितळल्यावर राखाडी पाणी हाती येतं. वापरायच्या दिवशी आधी वर्णपट घ्या. ६२० आणि ५२० चं गुणोत्तर बनवलेल्या दिवसापेक्षा वाढलेलं असेल, किंवा बाटलीच्या तळाशी काळसर कडं दिसत असेल, तर हलवून मिसळू नका. ती तुकडी सोन्याच्या डब्यात ओता आणि नवी बनवा.